आत्याचा रिकामा हंडा

रविवार, एप्रिल २०१३. संध्याकाळ.

उद्या दुकानात कुठला कॅमेरा मागायचा, हे आत्यानंच ठरवून टाकलं.

ऑफिसातल्या मित्राचा डीएसएलआर आणि वहिनीचा खिशात मावणारा छोटा कॅमेरा, दोन्ही घेऊन आज आत्याकडं करमाडला गेलो होतो. वापरून बघू, मग घेऊ. मोठा कॅमेरा म्हणजे काय चीज आहे! कडुलिंबाचं पान न् पान दिसतं. पण तो माझ्या गळ्यात बघताच आत्या घरातून रिकामा हंडा घेऊन आली. डोक्यावर पदर, तोंड पाडलेलं. मागं चार शेजारणी, त्याही हंडे घेऊन रांगेत. मी फोटोचं नावही काढलं नव्हतं.

"आत्या, हे काय?"

"पेपरवाले असंच तर उभं करतात. फोटो छापला की टँकर येतो."

काय बाई आहे! फोटो मात्र अप्रतिम. हंड्याचा पोचा दिसतो, मागच्या प्लॉटिंगच्या पाटीवरचं 'चोवीस तास पाणी'सुद्धा वाचता येतं.

मग छोटा काढला. "ह्यो खेळण्यातला व्हय?" म्हणत ती हंडा पालथा घालून त्यावरच बसली आणि खदखदून हसली. फोटो जरा हलला, पण ती अख्खी त्यात आली. माझं मन तिथंच छोट्यावर बसलं. तिला दाखवून विचारलं, "हाच घेऊ ना?"

तिनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन तो हसरा फोटो बघितला.

"ह्यात मी लई चांगली दिसते रे," म्हणाली. "पण तू मोठाच घे. ह्यानं टँकर येत नाय."