केळ्याविना वाटी

फैजपूर, मंगळवार संध्याकाळ

केळीच्या गावात, केळीवाल्याच्या घरात, फळांच्या सॅलडमध्ये केळं नाही! हा अधर्म आज मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. लेकीने टरबूज, आंबा, अननस कापून वर लिंबू, मीठ, आलं, मिरची, पुदिना, भाजलेले तीळ घातले. थाई पद्धत म्हणे. षड्रसांपैकी चार वाटीत. उरलेले कडू-तुरट माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर.

"यात केयं कुठी हाये?"

"चिरलं की काळं पडतं, आबा."

"अन् मी काय गोरा राह्यलो त्याच्या बागात?"

भांडत भांडत आबांनी वाटी संपवली. वर आणखी मागितली! केळ्याचं मलाही खटकलंच, पण दुसरी वाटी मीच भरून दिली. तापानंतर पंधरा दिवस त्यांनी दोन घासांवर काढले होते. उद्याही खातील ना? खातील, वाटतं. तरी ताट पुन्हा तसंच परत येईल, याची मला फार भीती वाटते.