पाणी वर आलं की मोटर बंद

१२ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोज लिहिणार. वहीवर मोठ्या अक्षरात 'खाजगी' टाकलं. रूमवर अजून तिघं आहेत आणि तिघांनाही वाचता येतं.

वाशिम सोडून दोन वर्षं झाली. विठ्ठलवाडीला भाऊच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, दुकानात बिल्डिंगच्या मोटरी दुरुस्त करतो. भाऊ माणूस चांगला, पण डोकं लहान. त्याचं जग टाकीपासून टाकीपर्यंत. आज ठाण्यात कोपरीला एका सोसायटीचं काम उरकून खाडीवर गेलेलो. तिथं एक म्हातारा आणि त्याची बायको होडीत बसून डब्याने पाणी बाहेर फेकत होते. अर्धा तास तेच. आधी हसू आलं, मग आयडिया आली.

होडीला ऑटोमॅटिक पंप. आठवी नापास माणसाला सुचलं. इंजिनिअर लोक काय करतात देव जाणे.

१४ ऑक्टोबर

म्हाताऱ्याचं नाव गुणाजी काका, बायको मीराबाई. होडी फायबरची, जुनी. बुडाला कुठंतरी बारीक चीर आहे, कुठं ते कुणालाच माहीत नाही. काका पुढं जाळं बघतात, मीराबाई मागं बसून पाणी उपसते. तीस वर्षं. ती नसेल त्या दिवशी होडी सुटत नाही असा त्यांचा नियम. मी समजावलं की काका, हा नियम नाही, ही मजबुरी आहे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन पण होतं.

मीराबाईने विचारलं, आधी कधी होडीवर काम केलंयस का. मी सांगितलं, गावाकडं चाळीस टाक्यांना फ्लोट बसवलेत. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि मोटर आपोआप बंद. एक थेंब वाया जात नाही. पाणी टाकीत काय, होडीत काय, सारखंच.

काका हो म्हणाले.

१६ ऑक्टोबर

बारा व्होल्टचा पंप मिळाला, सेकंडहँड पण तगडा. फ्लोट भाऊच्या कपाटातून आणला, सांगून. म्हणजे सांगणार आहे.

फ्लोटबरोबर एक कागद असतो, त्यावर दोन चित्रं. पहिलं माझ्या ओळखीचं. दुसऱ्याची गरज आजपर्यंत पडली नाही. कागद बॅटरीचं ग्रीस पुसायला कामी आला.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऐतिहासिक दिवस.

फ्लोटच्या तीन वायरी. काळी आणि निळी डोळे मिटून जोडली. तपकिरी उरली ती टेप लावून गुंडाळली. पाइप बाहेर काढायला होडीच्या कडेला भोक पाडलं, पाण्यापासून चार बोटं वर. मीराबाई म्हणाली भोक खाली झालंय. अजून वर घेतलं असतं तर पाइप पुरला नसता. तसं तिला सांगितलं नाही, प्रेशर चांगलं मिळतं असं सांगितलं.

टेस्टिंग. बटण दाबलं, पंप चालू. अर्धी बादली पाणी ओतलं, फर्रकन बाहेर. काठावरची माणसं बघत होती. काकांना सूचना दिली: आवाज येतोय तोवर काम चालू. आवाज बंद झाला की समजायचं होडी कोरडी. दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून.

२० ऑक्टोबर

सकाळी बॅटरी डेड. पंप रात्रभर चालला म्हणे, बुडात पाणी नसताना. म्हणजे पंप कामसू आहे, बॅटरी आळशी. तोडगा काढला. होडी सुटली की बटण चालू करायचं, परत आली की बंद. ऑटोमॅटिकचा हा भाग हाताने करायचा.

२३ ऑक्टोबर

काका, मीराबाई आणि मी, काठाकाठाने फेरी मारली. पंप घूं घूं करत राहिला, बूड कोरडं ठणठणीत. मीराबाईला काही कामच नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती, मग पदराने पंप पुसला. म्हणाली, "तीस वर्सांनी सवत आणलीस रं. ती पन दिवसभर कुरकुर करनारी."

काका एवढे हसले की खोकला लागला. मला हे काम पूर्वीच करायला पाहिजे होतं.

२७ ऑक्टोबर

काकांचा फोन. बटण चालू करायला विसरले, आठवलं तोवर घोट्याएवढं पाणी. मग दाबलं तर पंप गप्प. मी दुपारी पोचलो तोवर मीराबाईने डब्याने बरंच उपसलेलं. मी पंपाला हात लावला, तिने आणखी चार डबे फेकले, आणि झाला की चालू. हाताचा गुण असतो.

निदान: पंप दमला होता. मशीनलाही रेस्ट लागते.

मीराबाई म्हणे, "पानी असताना गप, नसताना बोंबलतं. माझा धाकटा दीर असाच व्हता." टेक्निकल गोष्ट सगळ्यांना कळत नाही. मी वाद घातला नाही.

३१ ऑक्टोबर

भाऊने कपाटातल्या फ्लोटबद्दल विचारलं. ठाण्यात एका टाकीला बसवला असं सांगितलं. पाणी आहे, काठ आहे, टाकीच म्हणायची.

आईचा फोन. सांगितलं की आता मी होड्यांचं बघतो. तिने विचारलं, सम्यक, तुला पोहता येतं का रे. मी म्हटलं मी वायरिंगचा माणूस आहे. तिने परत तेच विचारलं. रेंज नसेल.

संकल्प: डिसेंबरपर्यंत पाच होड्या. कार्डावर 'सम्यक मरीन' की 'सम्यक मरीन वर्क्स' हे ठरायचंय.

३ नोव्हेंबर

पुनवेचं उधाण आहे. काका म्हणतात, पाच तारखेला पुलाच्या पलीकडं वाशीच्या बाजूला जाणार, मासळी तिकडं आहे. पंप आहे म्हणून एकटे जाणार. एक माणूस कमी म्हणजे तेवढी मासळी जास्त. हिशोब बरोबर आहे.

मीराबाई मी येतेच म्हणून अडून बसली. काकांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी मी बोललो.

"काकी, तुम्ही घरी बसा. काकांची जबाबदारी माझी."

ती उठली. आपला उपसायचा डबा होडीत ठेवला.

निघताना बघितलं तर डबा फ्लोटवर आडवा येत होता. काढून काठावर ठेवला.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ६:४०. काकांना सोडायला आलो. भाऊला ताप सांगितलाय. बटण मीच चालू केलं. पंपाचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता.

१२:३०. भरतीबरोबर येतील.

२:१०. मासळी जास्त लागली असेल.

३:२०. फोन लागत नाही. खाडीत रेंज नसतेच. ओहोटी लागलीय, पाणी समुद्राकडं ओढतंय. मीराबाई काठावर येऊन बसली. मी चहा आणला, तिने घेतला नाही. तिच्या शेजारी तो डबा आहे. मी दुसरीकडं बघतोय.

४:१५. तिचा भाचा सलिल होडी घेऊन शोधायला गेला. मी पण येतो म्हटलं. त्याने विचारलं, पोहता येतं का.

काठावर मीराबाई आणि मी. तिने एकदाच विचारलं, "पंप चालूच असल ना रं?" मी हो म्हटलं.

५:५०. सलिलची होडी आली. काका आहेत. जिवंत आहेत. मागं दुसरी होडी नाही.

६ नोव्हेंबर

काका कोपरीच्या घरात अंथरुणावर. अंगावर दोन गोधड्या. खाडीत रोवलेल्या जाळ्याच्या खांबाला धरून दोन तास पाण्यात होते. तळवे सोलले आहेत.

त्यांनी सगळं नीट सांगितलं, मला शिकवत असल्यासारखं. मासळी खूप लागली. होडी भरली तशी खाली बसली. कडेचं भोक पाण्याखाली गेलं असणार, तिथून मागं पाणी भरत राहिलं. काका पुढं, पाठ करून जाळं ओढत होते. आणि पंपाचा आवाज थांबला.

"मला वाटला, होडी कोरडी झाली," काका म्हणाले. "म्हटला, चला, आता निवांत ओढू."

वळून बघितलं तर मागची बाजू पाण्याखाली. उपसायला हाताशी काही नव्हतं. जेवणाच्या डब्याचं झाकण होतं.

मग म्हणाले, चूक माझीच. म्हातारपणी हाव सुटली, एवढी मासळी कशाला घ्यायची. तुझ्या पंपावर भार पडला बिचाऱ्याच्या. वर मलाच धीर दिला.

बॅटरीचं कनेक्शन सुटलं असणार. खाऱ्या हवेत होतं तसं.

८ नोव्हेंबर

भाऊला सगळं सांगितलं, फ्लोटसकट. तो ओरडला नाही. कपाटातून दुसरा फ्लोट काढला, बादली भरली, बल्ब जोडला. काळी-निळी: फ्लोट खाली असताना बल्ब चालू, फ्लोट वर आला की बंद. काळी-तपकिरी: उलटं.

मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा पाणी वर आलं की बल्ब विझला.

भाऊ म्हणाला, "होडी रिकामी करायची होती का भरायची होती, राजा?"

९ नोव्हेंबर, रविवार

काकांना खरं सांगायला कोपरीला गेलो. लोकलमध्ये तीन वाक्यं पाठ केली.

काका खाटेवर बसलेले. ओहोटीला होडीचं नाक दिसतं म्हणाले, पण गाळात रुतलीय, निघायची नाही. आता सोमवारपासून एका बिल्डिंगला वॉचमन. ड्रेस आला होता, मोठा होतोय, मीराबाई टाके घालत होती. काकांनी ड्रेस घालून दाखवला. परत हेच म्हणाले की हाव नडली, आणि मीराबाईने मान हलवली. काका शेजाऱ्यालाही हेच सांगत होते.

मीराबाईने मला जेवायला वाढलं. बोंबलाचं कालवण.

दोनदा भात घेतला. सांगायचं राहिलं. उद्या फोन करतो.

१० नोव्हेंबर

फोनवर बरं दिसत नाही. समोर जाऊन सांगायला पाहिजे. रविवारी नक्की.

१२ नोव्हेंबर

भाऊने कोपरीच्या एका बिल्डिंगचं काम दिलं, दोन दिवसांचं. मी विचारलं, त्यापेक्षा तिकडं लांब, खडवलीला काही आहे का.