फ्रेममधली सिस्टर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नाही म्हणाले.

म्हणजे तोंडावर नाही म्हणत कोणी. "आम्ही कळवतो मॅडम." कळवणार नाहीत हे हॉस्पिटलच्या एचआरमधल्या त्या मुलीलाही माहीत, मलाही. असेल पंचवीस-सव्वीसची. माझी फाइल उघडली – बी.एस्सी. नर्सिंग, २०१२, फर्स्ट क्लास. पुढचं पान उलटायला गेली तर पुढे पानच नाही. मग विचारते, "मॅम, इतकी वर्षं काय केलंत?"

काय केलं! लग्न केलं. ऋतुराजच्या नोकरीपायी वापीला आठ वर्षं काढली. अद्वयला वाढवलं. डोंबिवलीत परत आलो तर सासरे अंथरुणाला खिळले. दीड वर्ष त्यांना भरवलं, पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. तेही सांगितलं तिला. "ते घरचं झालं मॅम. आम्हाला क्लिनिकल लागतो."

लिफ्टमध्ये रडू आलं. आरसा होता म्हणून आवरलं.

५ नोव्हेंबर

फोन नाही. दोनदा रेंज तपासली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज तिसरा इंटरव्ह्यू, नवी मुंबईच्या बाजूला. बस शीळफाट्याला पाऊण तास जागची हलली नाही. घामाघूम होऊन पोचले, तर मेट्रनने एकच प्रश्न विचारला – "सलाईनची सुई लावता येते?"

खरं सांगितलं. कॉलेजात असताना एका पेशंटभोवती आम्ही वीसजणी उभ्या राहायचो. पुढच्या चौघी करायच्या, मागच्यांनी वहीत लिहायचं. मी मागची. वही अजून आहे, अक्षर सुंदर आहे.

मेट्रन हसली नाही, हे तिचे उपकार. "अनुभव घ्या आणि या," म्हणाली. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हा अनुभव काय वाण्याकडे मिळतो?

ऋतुराज म्हणतो, क्लासेस घे, बायोलॉजीचे. त्याला प्रत्येक गोष्टीवर क्लासेस सुचतात. मी ताट जरा जोरात ठेवलं. कोविडमध्ये नर्ससाठी सगळे हातापाया पडत होते, तेव्हा याच घरात सगळ्यांनी मिळून "लहान मूल आहे" म्हणून मला थांबवलं. थांबले. माझीही चूक आहेच. मी भांडले नाही. आतून भीतीच वाटत होती, आणि घरच्यांचं कारण आयतं मिळालं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका छोट्या नर्सिंग होमने घेतलं! वीस बेड. डॉक्टर स्वतःच मालक. इंटरव्ह्यू पाच मिनिटांत संपला. अनुभवाचा प्रश्नच नाही. "नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? ओरिजिनल घेऊन या."

चालू आहे. न चुकता रिन्यू करत आले. लोक देवाला दिवा लावतात तसं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. सहाला उठून डबे केले, पांढरा ड्रेस घातला. अद्वय म्हणाला, "आई, तू खरीखुरी वाटतेस." दिवसभर काय केलं? जुन्या फायली तारखेप्रमाणे लावल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माझं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागच्या भिंतीवर लावलंय. सरांच्या डिग्रीशेजारी. वॉर्डबॉय काळुरामने स्टुलावर चढून खिळा ठोकला, मग खाली उतरून मान तिरकी करून बघितलं. "सरळ आहे ना मॅडम?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय. त्याला रजिस्टर्ड नर्स दाखवावी लागते. म्हणजे मी दाखवायची आहे. काम करायची नाही.

२६ नोव्हेंबर

इथलं सगळं काम वैशाली करते. टिटवाळ्याहून येते. वय असेल बेचाळीस-त्रेचाळीस. एकोणीस वर्षांपूर्वी झाडूपोछाला लागलेली, आता वॉर्ड तिच्यावर चालतो. शिक्षण नववी. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग, ऑपरेशनची तयारी – सगळं तीच. पेशंट तिला सिस्टर म्हणतात. मला म्हणतात, "मॅडम, बिल कुठे भरायचं?"

माझ्याशी ती बोलत नाही. आज मी बीपी घ्यायला पुढे झाले, तर मशीन माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या, तुमच्या ड्रेसला डाग लागेल." बाजूच्या बेडवरची बाई हसली.

संताप झाला नुसता. घरी येऊन भाजीत मीठ दोनदा पडलं.

२८ नोव्हेंबर

आज कळलं, इंजेक्शनच्या रजिस्टरमध्ये "सिस्टरची सही" या रकान्यात माझी सही लागते. देते वैशाली, सही माझी. तेहतीस सह्या केल्या.

१ डिसेंबर, सोमवार

आज बोललेच.

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, ज्यांच्याकडे कसलाही कागद नाही त्या पेशंटना सुया टोचतात, आणि मी रजिस्टर्ड नर्स असून फायली लावते. उद्या काही झालं तर सही माझी आहे. हे बरोबर आहे का?" वैशालीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. काळुराम तिथेच एक्स-रेची पाकिटं लावत होता. त्याने मान वर केली नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमचा मुद्दा बरोबर आहे. बघतो मी."

बघणार काय, डोंबल! तरी बाहेर आल्यावर हलकं वाटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी तोंड उघडलं.

२ डिसेंबर

आज वैशाली आपणहून बोलली. कशी काय बदलली कोण जाणे!

दुपारी जेवणाच्या वेळी समोर येऊन बसली. "मॅडम, शीर शोधता येते?" म्हटलं, नाही. "मग माझा हात धरा." दंडाला रबर बांधला, हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी वाकून निळी रेघ शोधायला लागले. "डोळ्यांनी नका शोधू. डोळे फसवतात. बोट ठेवा. दाबलं की उसळी मारते ती खरी."

वीस मिनिटं तिचा हात चाचपत बसले. पोळी तशीच राहिली. तिच्या डब्यातली वालाची भाजी मात्र खाल्ली. उत्तम होती.

६ डिसेंबर, शनिवार

रोज दुपारी शिकवणी. घरी आईंचा हात घेते. म्हणजे सासूबाईंचा. त्या मालिका बघत असतात, मी परकराच्या नाडीने दंड बांधून शिरा शोधते. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काय गं हे थेर!" काल मात्र मालिका सुरू झाल्यावर स्वतःच बाही वर केली. "म्हातारीची शीर सापडली तर कोणाचीही सापडेल. घे."

आईंनी माझ्या नर्सिंगसाठी काही केल्याची ही पहिलीच वेळ. जरा भरून आलं. लगेच म्हणाल्या, "नाडी फार घट्ट बांधतेस."

११ डिसेंबर

आज पहिल्यांदा पेशंटला सुई लावली. लागली नाही. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा टेंगूळ आलं. पेशंट रिक्षावाला, चांगला दांडगा, हातावर शिरा दोरखंडासारख्या. तरी नाही लागली! तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पास झालाय ना?"

वैशालीने येऊन एका झटक्यात लावली. रिकामं पाकीट उचलून पुढच्या बेडकडे गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पस्तीस वर्षांची बाई, फर्स्ट क्लास, भिंतीवर फ्रेम, आणि दोरखंडासारखी शीर सापडत नाही. त्या फ्रेमखाली कोणी "फक्त बघण्यासाठी" असं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

१५ डिसेंबर

पुन्हा नाही लागली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज वैशाली ओरडली. मी सुई टोचून मधेच थांबले, पेशंटच्या तोंडाकडे बघत बसले म्हणून. कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हणाली, "दुखणार त्याला. दुखू द्या. तुम्ही घाबरून थांबता, त्याने डबल दुखतं. मला बघा, मी नववी नापास. मी का नाही घाबरत? कारण मला पुस्तकातलं काही माहीतच नव्हतं. तुम्हाला सगळं माहितीय. हात तेवढा चालवा."

मी म्हटलं, "जमेल हळूहळू. एवढी काय घाई आहे?"

"आहे घाई," म्हणाली, आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

माझं डोकं फिरलं. हिला कसली घाई? मला हिणवायची? पण घरी आल्यावर कूकर लावताना तिचं बोलणं परत आठवलं. थांबते म्हणून डबल दुखतं. खरं आहे ते.

२० डिसेंबर

लागली! एका फटक्यात. म्हातारबुवांना कळलंसुद्धा नाही. वैशाली पलीकडून नुसती बघत होती. म्हणाली, "पट्टी नीट चिकटवा." तिच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

२३ डिसेंबर

सोमवारी रजिस्ट्रेशनसाठी तपासणी. सर आज सगळ्यांना एकत्र घेऊन बोलले. मी पांढऱ्या ड्रेसमध्ये वॉर्डात. "विचारलं तर सगळं नर्सिंग मी बघते असं सांगा." आणि वैशालीने साधी साडी नेसून तीन नंबरच्या बेडजवळ बसायचं, रमाबाई नावाच्या पेशंटची भाची म्हणून.

एकोणीस वर्षं वॉर्ड सांभाळला तिने, आणि तपासणीच्या दिवशी भाची! मी म्हटलं, "तुला राग नाही येत?" तिने खांदे उडवले. "दर वेळेला असतंच. मागच्या टायमाला मी कोणाची तरी सून होते."

मी हसले. मग वाटलं, हसायला नको होतं.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळं नीट लिहून ठेवते.

अकराला तिघे आले. त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, नजर धारदार. फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नाव जुळवलं. वॉर्डात आल्या. तीन नंबरवर रमाबाई. सत्तरीच्या, जुलाब-उलट्यांनी पार सुकलेल्या. बाईंनी हात उचलून बघितला. हात सुजलेला, सलाईन शिरेबाहेर चाललेलं. "सिस्टर, हे बदला ना."

सिस्टर म्हणजे मी.

दुसरा हात घेतला. रबर बांधला. शीर नाहीच. सुकलेल्या माणसाच्या शिरा लपून बसतात. एक टोचली, फुकट गेली. रमाबाई कळवळल्या. सर दारात उभे, चेहरा पांढरा. मी परत डोळ्यांनीच शीर शोधायला लागले.

तेवढ्यात भाचीने मावशीचा हात आपल्या हातात घेतला. "मावशी, सैल सोड गं हात," असं म्हणत कोपराच्या खाली चोळायला लागली. चोळता चोळता तिचं बोट एका जागी थांबलं. हलेना. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मी तिथे बोट ठेवलं. बारीकशी उसळी. न थांबता सुई घातली. रक्त आलं मागे. सलाईन टपटप सुरू झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट अवघड होता. छान केलंत." मी वैशालीकडे बघू शकले नाही. ती मावशीच्या तोंडावरून पदर फिरवत होती.

ते गेल्यावर सरांनी पेढे मागवले. मी माझा पेढा वैशालीला दिला. म्हटलं, "शीर तू शोधलीस." ती म्हणाली, "सुई तुम्ही घातली. हात नाही थांबला आज." पेढा पदरात बांधून घेतला, घरी नेते म्हणाली.

३० डिसेंबर

आज वैशाली रजेवर. दोन सलाईनं एकटीने लावली. एका पेशंटने "ओ सिस्टर" अशी हाक मारली, आणि मी पहिल्या हाकेला वळले! घरी येताना आईंसाठी चिकू घेतले.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नव्या महिन्याची ड्युटी लिस्ट लागली. सकाळच्या पाळीला माझं नाव. वैशालीचं नाव कुठेच नाही.

काळुरामला विचारलं. तो फरशी पुसत होता, थांबला नाही. "तुम्ही सरांकडे बोललेल्या ना मॅडम, त्याच संध्याकाळी सरांनी तिला बोलावलेलं. तपासणीपर्यंत मॅडमना तयार कर म्हणाले, मग तू मोकळी. तिला माहीत होतं कोण बोललं ते. मीच सांगितलेलं."

घरी येऊन ही वही मागे उलटली. २ डिसेंबरचं पान काढलं. माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलंय – आज वैशाली आपणहून बोलली. कशी काय बदलली कोण जाणे!