मऊ पिन

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. ख्यालीखुशालीची एक ओळ, आणि मग थेट इंजिन. गरज सरो वैद्य मरो, हे ठाऊक होतं; पण पुन्हा गरज पडली की मेलेला वैद्य उठून बसतो, अशी तुझी खात्री दिसते. पत्र बाबांच्या नावाने होतं, पण त्यांच्या उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही, म्हणून उत्तर मी लिहितेय. ते वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून सांगतायत. थोडं सांगतात, मग चहाचा घोट घेतात, तेवढ्यात मी माझं लिहून घेते. त्यांना वाटतंय, ही अजून इंजिनाचंच लिहितेय.

तर इंजिनाचं. पाण्याखाली काहीतरी लागलं, आता इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट जागची हलत नाही, असं तू म्हणतोस. आधी प्लगची वायर काढून ठेव, नाहीतर पाण्यातला पंखा हाताने फिरवून बघताना इंजिन सुरू झालं तर हाताची बोटं जातील. मग नट सोडून पंखा बाहेर काढ आणि आतली आडवी पिन बघ. तुटली असेल तर नशीब समज, नवी घाल आणि कामाला लाग. पिन शाबूत असेल तर पंख्याच्या मधोमध दांड्यावर बसतो तो रबरी बुश सुटला असेल. बुश आणि पंखा दोघांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढ, बोट काठाला बांधूनच जरा चालव, आणि पुन्हा बघ. रेघेचे दोन तुकडे इकडे-तिकडे झाले असतील तर बुश गेला. बोट चालताना थरथरत असेल तर पातं किंवा दांडा वाकलाय. आणि गियरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, मग मात्र घाई करू नकोस.

खरं तर हे सगळं तुला येतं. बाबांनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं. तरी तू विचारलंस याचं त्यांना केवढं कौतुक. विचारतो तोच शिकतो, असं म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी इथे गिऱ्हाइकांचे फोन घेते, झाडू मारते, चहा करते. पंख्याला हात लावायची मला बंदी आहे. एक मेकॅनिक ठेवलाय, त्याला नट कुठल्या बाजूला फिरतो हे बाबांची पाठ वळल्यावर मीच दाखवते. कधी मी एखादी पिन बसवलीच, तर बाबा डाव्या हाताने सगळं उघडून पुन्हा तपासतात, आणि मी पाना धरून शेजारी उभी राहते.

आता त्यांनी एक गोष्ट दोनदा लिहायला लावलीय. पिन पितळेचीच घाल. ती मऊ असते, कारण ती तुटण्यासाठीच असते. दगड लागला की ती तुटते आणि गियर वाचतात. तिच्या जागी पोलादी खिळा घातला तर सगळा मार आत जातो. हे सांगताना त्यांचा तो हात मांडीवर उताणा पडला होता. मी लिहीत होते, म्हणून मान वर करावी लागली नाही.

लहानपणी तू काच फोडायचास आणि मी पुढे होऊन बोलणी खायचे. तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटायचा, आणि तुला बहुधा तो हक्क वाटला. त्या दिवशी तू मित्रांना घेऊन बाबांची बोट नेलीस, बुडालेल्या ओंडक्यावर घातलीस, पिन तुटली. जादा पिनांची डबी सीटखालीच होती, पण ती शोधायचा तुला कंटाळा. खिळ्याचं डोकं कापलंस, तो घातलास, बोट आणून बांधलीस आणि चकार शब्द काढला नाहीस. त्याच आठवड्यात बाबा भरल्या नदीत गेले. खडक लागला, खिळा तुटला नाही, गियरचा चुरा झाला, आणि बोट आडवी होऊन पुलाच्या खांबावर आदळली. मध्ये त्यांचा हात होता.

इंजिन मीच उघडलं. खिळा दाखवला तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास आणि म्हणालास, ताई, मी सांगतो त्यांना. दवाखान्यात मात्र पलंगाच्या पायथ्याशी मूग गिळून उभा राहिलास. पिना नेहमी मी बसवायचे, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी खरं सांगितलं, तर म्हणाले, स्वतःची चूक धाकट्यावर ढकलतेस? तू खिडकीबाहेर बघत होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर त्या संन्याशाने फाशी देणाऱ्याला रोज चहा करून द्यायचा. तुझा राग येतो असं नुसतं म्हटलं तर कमीच होईल. मला तुझी शिसारी आली होती.

आता बाबांचं शेवटचं. त्यांना होत नाही म्हणून वर्कशॉप तुझ्या नावावर करायचं त्यांनी ठरवलंय. पुढच्या महिन्यात येऊन किल्ली घे. तिच्या हातात द्यायला मन धजत नाही, तिच्या हातून एकदा झालंय, हे वाक्यही माझ्याकडूनच लिहून घेतलं. पाकिटात पितळेच्या पिना ठेवल्यात, त्यांनी सांगितल्या तशा. त्यांच्यात तो खिळाही आहे, तो मी ठेवलाय. ये, आणि किल्ली घेण्याआधी तो त्यांच्या हातात ठेव. मग वर्कशॉप खुशाल घे. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय की पिन मी नीट बसवली होती. तेवढं जमणार नसेल तर येऊ नकोस. आता ते सहीसाठी हा कागद मागतायत. डाव्या हाताने करतात, न वाचता. पत्रांच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

तरीही तुझीच,
ताई