बिनपावलांच्या बर्फाचा फोटो

तीर्थस्वरूप सेल्मरदादास,

धाकट्या लोरेन्सचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द शोभेचा नाही. परवा तळ्यावर घसरलो तेव्हा आठही अंगं रीतसर टेकली. बाकी इकडे सर्व क्षेम, म्हणजे नाक जागेवर आहे आणि बोटं मोजली तर पुरी भरतात. तिकडे ॲरिझोनात तुला सकाळी स्वेटर घालावा लागतो हे वाचून जीव तुटला. जपून राहा बाबा. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं कळलं, आणि डॉक्टर खात्रीने काहीच सांगत नाहीत हेही कळलं. पत्र वहिनीच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांना विनंती, की यापुढे कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये.

तर तुझी फर्माईश. ऑपरेशनच्या आधी आपलं तळं एकदा नीट बघून घ्यायचं आहे, म्हणून मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, सोफ्यामागच्या भिंतीएवढा करून पाठवायचा, बाबांच्या बर्चच्या झाडाची काडी न् काडी दिसली पाहिजे, आणि बर्फ कसा, तर अगदी कोरा! माणूस नको, पाऊल नको. किती साधी मागणी! या कॅमेऱ्याला लाकडी पेटी, मध्ये भाता आणि मागे काच असते हे तुला ठाऊक आहेच. त्या काचेवर सगळं जग उलटं दिसतं, बर्च छताला टांगल्यासारखा लोंबतो, आणि ते बघायला डोक्यावरून काळं कापड घेऊन वाकावं लागतं. उणे तीसमध्ये कापडाखाली श्वास सोडला की काचेवर बर्फ धरतो. म्हणजे तळं बघायचं असेल तर श्वास घ्यायचा नाही, आणि श्वास घ्यायचा असेल तर तळं बघायचं नाही. भाता पापडासारखा कडक होतो. तिपाईच्या स्क्रूला उघडं बोट लावलं तर बोट तिथेच मुक्काम करायचं म्हणतं. (वहिनी, त्याला सांगू नका, पण एका बोटाची थोडी साल तिथे राहिली आहे.)

पण थंडी परवडली, दादा, माणसं परवडत नाहीत. तू मिनेसोटा सोडून इतकी वर्षं झाली, की हिवाळ्यात रस्त्याकडेला उभ्या गाडीजवळून न थांबता पुढे जाणं इथे खुनाच्या खालोखाल मानतात हे तू विसरला असशील. मी तुझा जुना लाल ट्रक रस्त्याकडेला लावला, पहाटे तळ्याच्या काठी तिपाई मांडली आणि कापडाखाली शिरलो. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं? बंद ट्रक, आणि काठावर काळ्या कापडाखाली वाकून निश्चल उभा असलेला म्हातारा. पहिल्या दिवशी गाड्या ओढून नेणारा ड्वेन आला. चांगला रस्ता सोडून, कोऱ्या बर्फातून, माझ्या भिंगासमोरून आला. "काका, बॅटरी बसली काय?" मी म्हटलं, नाही रे, फोटो काढतोय. "बरं, बरं," म्हणाला, आणि तरीही ट्रकला धक्का मारून गेला. पुन्हा ताजा बर्फ पडेपर्यंत मी घरी बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला चर्चमधली बर्डी आली. बटाटे-खिम्याच्या गरम हॉटडिशचं भांडं छातीशी धरून आली, कारण मी कापड तोंडावर घेऊन रडतोय असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. "रडून घे हो, भावजी. आणि मग दोन घास खा." मी खाल्लं. (बटाट्याचे गोळे वरून कुरकुरीत होते, वहिनी, तुमच्या हातच्यासारखेच.) मग ती निघाली. आपल्याकडे निघणं म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. एकदा "चला, निघते आता" म्हणून झालं, मग ट्रकपाशी, मग तिच्या गाडीच्या दारात, मग काच खाली करून. तोवर सूर्य वर आला आणि पहाटेचा उजेड संपला.

तेव्हा मी अक्कल चालवली. ट्रकवर मोठी पाटी लावली: "मी ठीक आहे. कृपया थांबू नका." दादा, आयुष्य याच गावात काढून मला एवढं कळू नये? आपल्या मुलखात जो माणूस आपणहून "मी ठीक आहे" म्हणतो, त्याचं काहीतरी भयंकर झालेलं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती पाटी वाचून पाद्रीबुवा स्वतः आले. त्यांच्यामागे ड्वेन, बर्डी आणि थर्मास. मी नेमकं तेव्हाच भिंग उघडलं होतं. बारीक काडी यावी म्हणून भिंगाचं तोंड अगदी लहान केलं की पहाटेच्या उजेडात ते काही मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि माझ्याकडे फिल्मचं ते शेवटचं पान होतं. माझ्यासमोर तुझ्या कोऱ्या बर्फावर सगळा गाव पाय आपटत, हात चोळत येरझाऱ्या घालत होता. ओरडावं, तर पाद्रीबुवांवर ओरडायचं कसं? मी फक्त "बरं चाललंय" म्हटलं आणि मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या.

घरी तळघरात फिल्म धुतली आणि चाटच पडलो. इतका वेळ भिंग उघडं असलं की हलणारं माणूस फिल्मवर उमटतच नाही. बर्डी नाही, ड्वेन नाही, पाद्रीबुवा तर मुळीच नाहीत. बर्चची काडी न् काडी आली आहे. पावलं मात्र जत्रा भरून गेल्यासारखी आहेत. फोटो वेगळा पाठवला आहे. कोरा बर्फ हवा असेल तर तुमच्या ॲरिझोनातल्या फ्रीजमध्ये बघावा.

ऑपरेशन नीट होऊ दे. रोज प्रार्थना करतो, आणि तू चिडशील म्हणून सांगत नव्हतो.

तुझा बोटांनिशी शाबूत,
लोरेन्स

ता. क. एक सांगायचं राहिलं. फोटोत एक माणूस आला आहे. बर्चखाली. हलला नाही, म्हणून आला. तळ्यापलीकडचा नॉर्बर्ट, ज्याने बाबांचं बर्फाला भोक पाडायचं गिरमिट मागून नेलं आणि परत केलं नाही, आणि ज्याचं नाव तू तेव्हापासून घेत नाहीस. तुझा लाल ट्रक दिसला, त्याला वाटलं तूच परत आलास. गिरमिट घेऊन तळ्यावरून चालत आला. काठावर तू नाहीस, मी आहे हे दिसलं, तेव्हा तो तिथेच थांबला आणि बराच वेळ उभा राहिला. सगळे गेल्यावर जवळ येऊन एवढंच विचारलं, "डोळ्याचं झालं की येईल का तो?" मी म्हटलं, बघू. गिरमिट माझ्याकडे देईना. म्हणाला, ज्याचं त्याच्याच हातात देईन. पात्याला धार होती. दर हिवाळ्यात लावतो म्हणे. ऑपरेशनच्या आधी त्याला एक फोन कर. संध्याकाळी जेवण झाल्यावर तो घरीच असतो.

(ता. क. फक्त वहिनींसाठी. फोटो भिंतीवर लावाल तेव्हा दादाची खुर्ची जवळ ओढा आणि त्याचं बोट धरून बर्चखाली टेकवा. बर्च दिसतो, काड्या दिसतात, पावलंसुद्धा दिसतात, पण माणूस कुठे आहे ते काही दिसत नाही असं तो म्हणाला, तर समजा की दिसला. मग मुकाट्याने फोन आणून त्याच्या हातात द्या.)