जावयाला कळू नये म्हणून

अप्पा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. भटजी गेले, पानं उचलली, आणि विनायकनं मला स्वयंपाकघरात गाठून एक गोष्ट सांगितली. म्हणून आज हे पत्र. एरवी मी पत्र लिहिणारी बाई नव्हे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. होस्टेलवर असताना "एक कार्ड टाक ग" म्हणून तुम्ही पन्नासदा बजावलंत. मी टाकलं एक, तेही पत्ता चुकवून!

विनायक म्हणाला, "सुमा, माझ्या फोनवर अप्पांचा एक निरोप आहे. त्यांच्या आवाजातला. ते जायच्या तीन दिवस आधी आलेला. मी तुला सांगितलं नाही."

वर्षभर, अप्पा! वर्षभर हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला, झोपला, आणि तुमचा आवाज खिशात घालून फिरला. मी तव्यावरची पोळी तशीच सोडून त्याच्याकडे बघत राहिले.

"का नाही सांगितलंस?"

"शिव्याशाप होते ग. सुरुवातीचं ऐकलं आणि बंद केलं. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही."

"काय म्हणाले?"

"ते मी तोंडातून काढणार नाही."

त्याचं तोंड मी लग्नापासून बघतेय. खोटं बोलताना तो नाक खाजवतो. काल नाही खाजवलं.

आता दुपार आहे. मी इथं तुमच्या घरी पुढच्या खोलीत बसलेय आणि समोर तुमच्या वेताच्या खुर्चीवर त्याचा फोन ठेवलाय. तो स्वतः कुक्करहळ्ळी तळ्याला एक फेरी मारून येतो म्हणून बाहेर पडलाय. भित्रा कुठला! पण मी तरी कुठे शूर आहे? तासभर झाला, मी त्या फोनला हात लावलेला नाही. दोनदा न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले. पुसून टाकावा का तो निरोप, असंही मनात येऊन गेलं. तुमच्यापाशी काय लपवू?

शाप द्यायला तुम्हाला कारण होतंच. शेवटचं बोलणं आठवतं ना? मी म्हणत होते पुण्याला चला, तुम्ही म्हणत होतात नको. "नंजनगूडच्या गाडीनं तीस वर्षं फॅक्टरीत गेलो, आता कुठं घरात बसतोय. सुम्ने, गप्प बस ग, मला हलवू नको." आई गेल्यावर चार वर्षं हेच ऐकत होते मी. कमलम्मा समोर राहते, ती बघते, दूध येतं, पेपर येतो. माझा पारा चढला. म्हटलं, "मग राहा एकटे! मला फोन करायचा नाही, सांगून ठेवते." आणि फोन आपटला. असलं बोलणं कुठून आलं माझ्या तोंडात? तुमच्याकडूनच आलं म्हणा. आई म्हणायचीच, बापलेकीचं नाक एकाच साच्यातलं.

तुम्हीही मग फोन केला नाहीत. सतरा दिवस. अठराव्या दिवशी सकाळी कमलम्मानं केला.

पण एक मला कालपासून कळत नाहीये. मला फोन नाही, निरोप नाही, आणि विनायकच्या फोनवर कसा?

तुम्हाला तो सुरुवातीपासून जरा वचकून असायचा, अप्पा. दोष तुमचाच! गाव सगळं कन्नड, घरात आपण मराठी बोलायचो. मार्केटात गेलं की तीच मराठी आपली चोरभाषा. वांगीवाल्याकडे बघून गोड हसायचं आणि मला म्हणायचं, "घेऊ नको, किडकी आहेत." एकदा तो वांगीवालाच मराठी निघाला आणि म्हणाला, "नाही हो साहेब, आजच आणलीत," तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! आणि घरी महाराष्ट्रातले पाहुणे आले की उलटं. मग कन्नड चोरभाषा. साताऱ्याहून विनायकची माणसं मला बघायला आली तेव्हा तुम्ही बशीत चिवडा वाढता वाढता मला कन्नडात म्हणालात, मुलगा बरा आहे, बाप कंजूष दिसतो. मी फिस्सकन हसले. ते त्यानं पाहिलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की आपल्यात कन्नड सुरू झालं म्हणजे त्याच्याबद्दल काहीतरी वाईट चाललंय.

आता लावते. पत्र इथं थांबवते. मला फार भीती वाटतेय, अप्पा.

*

ऐकलं.

तीनदा ऐकलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घ्या.

पहिला शब्द, "मरी." मग खोकला. मग पुन्हा, "ए मरी."

अय्यो, अप्पा!

साताऱ्याच्या माणसाला "मरी" म्हणजे काय वाटणार? मरी येवो तुला, असंच ना? त्याला काय माहीत, कन्नडात मरी म्हणजे पिल्लू! त्यानं तो शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. कसा ऐकेल? मीच बंद केला होता. पाचवीत असताना नागपूरहून आलेली एक मुलगी मला हसली, "तुझे बाबा तुला मरीआई म्हणतात!" मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि तुम्हाला दम दिला, आजपासून मला मरी म्हणायचं नाही. तुम्ही "सरी, सरी", बरं बरं, म्हणालात आणि खरंच पुन्हा कधी म्हणाला नाहीत. इतकं कशाला ऐकायचं माझं? फोन करू नका म्हटलं तर फोन नाही केलात. म्हणून जावयाच्या फोनवर बोललात! शब्द मोडला नाही म्हणे. पाचवीतल्या पोरीचं आणि चिडलेल्या बाईचं बोलणं असं कोणी शब्दशः घेतं का?

आणि पुढचं कन्नड. जावयाला कळू नये म्हणून कन्नडात सांगतो, म्हणालात. न्हाणीघरात दोनदा चक्कर आली, कमलम्माला सांगितलेलं नाही, ती सगळ्या रस्त्याला सांगेल. मग आवाज इतका बारीक झाला की मी फोन कानाला लावला. "ननगे हेदरिके आग्तिदे, मरी. ई भानुवार बंदबिडु."

मला भीती वाटतेय. या रविवारी ये.

तुम्हाला भीती! साप निघाला तर पायातली चप्पल काढून पुढे होणारे तुम्ही. गुरुवारी बोललात, रविवारी सकाळी गेलात. मी रात्रीची गाडी धरली असती, अप्पा. नुसतं कळलं असतं तर शुक्रवारी संध्याकाळी मी या दारात उभी असते. वर्षभर मी शापाला भीत होते असं नाही, शाप मला कालच कळला. पण आज हे ऐकल्यावर वाटतं, शापच असता तर बरं झालं असतं.

शेवटी पुन्हा मराठी. "जावईबापू, हे सुमीला तेवढं ऐकवा. तिच्या रागाकडे बघू नका, ती माझ्यावर गेलीय." आणखी अर्धं मिनिट ऐकलं असतं त्यानं, तर हे त्याच्या कानावर पडलं असतं. तुमचा थरथरता आवाज त्याला राग वाटला आणि त्यानं बंद केलं. मला लागू नये म्हणून बंद केलं. त्याच्यावर ओरडू तरी कशी?

विनायक मघाशी आला. दारातच उभा राहिला, चप्पलही काढली नाही.

"शिव्याच ना?"

"मरी म्हणजे पिल्लू रे, येड्या."

"शपथ?"

"शपथ."

तो पायरीवर खाली बसला आणि लहान पोरासारखा हसला. मग डोळे पुसले. वर्षभर काय वाहत होता ते तेव्हा मला दिसलं. "आणि पुढचं ते कन्नड?"

"असंच काहीबाही. जेवलो, गोळी घेतली, कमलम्मा कशी आहे, असलं."

खोटंच सांगितलं मी! तुम्हीच म्हणालात ना, जावयाला कळू नये? तो "बरं झालं बाई" म्हणत कॉफी करायला आत गेला. आता भांड्यांचा आवाज येतोय, मध्येच गुणगुणतोय. आणि मी इथं बसून हे लिहितेय. त्याला खरं कळलं तर तो स्वतःला कधी माफ करील का? उद्या माझ्या मनात त्याच्याविषयी काय उगवेल? भांडणात एक दिवस माझ्या तोंडून हे बाणासारखं सुटलं तर? माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

अप्पा, रागावू नका, पण तुमची ही सवय वाईट होती. चक्कर कमलम्मापासून लपवलीत, भीती जावयापासून. त्या दिवशी सरळ मराठीत "घाबरलोय, पाठव तिला" म्हणाला असतात, तर त्यानं स्वतः मला गाडीत बसवलं असतं. तो तसाच आहे. तुम्हाला कधी नीट कळलाच नाही.

माझं सगळं शिक्षण कन्नडातलं. हे पत्र कन्नडात लिहिलं असतं, तर त्याला एक अक्षर लागलं नसतं. आधी तोच विचार होता, पेनही त्याच हिशेबानं उचललं होतं. मग मराठीत लिहिलं.

तो कॉफी घेऊन आला की हे कागद त्याच्या हातात देणार आहे. त्याच्या शेजारीच बसणार आहे, वाचून होईपर्यंत उठणार नाही. तुमचं एवढं एक सांगणं मोडते. त्याबदली वचन देते, अप्पा: यापुढे मी घाबरले, तर जो जवळ असेल त्याला कळेल अशा भाषेत सांगेन. सुरुवात आजच करतेय. आत कॉफीचे पेले भरल्याचा आवाज आला. मी घाबरलेय, आणि कागद जुळवून घेतेय.

तुमची,
सुमा