हँडल परत करण्याविषयी

सोमवार, ४ मार्च
दुरुस्ती. काल इथे लिहिले की सात नंबरच्या ट्रामचे हँडल हरवले आहे. हे चूक आहे. हँडल हरवलेले नाही. ते माझ्या कपाटात, लोकरीच्या मोज्यांमागे, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले आहे. काल संग्रहालयाच्या शेडमध्ये, जिथे आम्ही काही जण दर रविवारी ही जुनी ट्राम दुरुस्त करतो, सगळे ते शोधत होते, मीही शोधत होते, आणि त्या भरात तसे लिहिले गेले.

शाळेत जायच्या आधी आत्याने मला घरीच शिकवले. तिचा नियम होता की चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. तिचा दुसरा नियम: दुसऱ्याची वस्तू आणली तर आणली त्याहून बरी करून परत द्यायची. हँडल माझ्याकडे आहे ते या दुसऱ्या नियमामुळे. फार काळवंडले होते. मी ते चोरून आणलेले नाही. 'हे घासायला नेते हं' असे मी स्पष्ट म्हणाले होते. तेव्हा कॉम्प्रेसर धडधडत होता, हा माझा दोष नाही.

रविवारी परत देणार. विषय संपला.

मंगळवार, ५ मार्च
हँडल वीतभर लांब, पितळी. ट्राम पुढे जाणार की मागे, ते याच्यावर ठरते. ते बसवल्याशिवाय गाडी जागची हलत नाही, म्हणून पूर्वी ड्रायव्हर जेवायला जाताना ते खिशात घालून नेत. एका टोकाला चौकोनी भोक आहे. ते गाडीतल्या चौकोनी दांड्यावर बसते.

लिंबाने घासले तर डाग पडले. डाग काढायला पॉलिश लावले. मग बाहेरचे इतके चकचकीत झाले की भोकाच्या आतली काजळी नजरेला खुपू लागली. ती बाबांच्या बारीक कानशीने काढली. बाबा घड्याळे दुरुस्त करतात, त्यांच्याकडे सगळ्या कानशी आहेत. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पितळ आहे ते, दात नव्हेत. किती घासशील?"

घरात मनापासून केलेल्या कामाची कदर नाही.

रविवार, १० मार्च
हँडल पर्समध्ये घालून वेळेआधी पोहोचले. वाक्यही तयार होते: "हे घ्या, घासून आणले." साधे, खरे, नम्र.

पण संग्रहालयाच्या अध्यक्षांनी आल्या आल्या सगळ्यांना ट्रामभोवती उभे केले. ते म्हणाले, "हँडलला पाय नसतात. कुणाच्या तरी सामानात चुकून गेलं असणार." कुणाचे नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना वायरमनकाकांच्या पेटीकडे वळल्या. रंगकाम करणारी ताई म्हणाली, "काकांच्या पेटीत शोधलं तर एखादी ट्रामसुद्धा निघेल." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पेटी उचलली आणि सरळ फरशीवर पालथी केली. पकडी, फ्यूज, वायरचे तुकडे, अर्धे बिस्किट. "बघा. नीट बघा," ते म्हणाले. "आणि आजपासून बल्बसुद्धा तुमचा तुम्हीच बदला." मग गुडघे टेकून एकेक वस्तू परत भरली आणि पेटी घेऊन निघून गेले.

मी बोलणारच होते. पण मोठी माणसे बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हेही आत्यानेच शिकवले आहे. आणि सगळ्यांची बोलणी संपली तेव्हा काका गेलेले होते.

आता 'घासून आणले' हे वाक्य चालणार नाही. नवीन लागेल.

गुरुवार, १४ मार्च
उत्तम युक्ती सुचली. हँडल पार्सलने संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवायचे. नाव नाही, गाव नाही. काका निर्दोष ठरतील आणि चर्चाही नको.

पोस्टातला माणूस म्हणाला, "पाठवणाऱ्याचं नाव?" म्हटले, नाही. "बिननावाचं पार्सल घेत नाही आम्ही. काहीही लिहा, ताई." काहीही लिहा! सरकारी खुर्चीत बसून! मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ म्हणाले, "प्रेमपत्र असेल तर हातानेच द्या." मी खोटे लिहू शकत नाही, म्हणून माझे खरे नाव आणि पूर्ण पत्ता लिहिला. तो पावती फाडत असताना लक्षात आले की आता ते माझ्या नावानेच पोहोचणार. पार्सल परत मागून घेतले. तो माणूस काहीतरी पुटपुटला.

खोट्याचा आधार न घेता चांगले काम करणे किती कठीण करून ठेवले आहे.

रविवार, १७ मार्च
बेत: हँडल ट्राममधल्या बाकाखाली सरकवायचे, म्हणजे ते कुणालातरी 'सापडेल'.

बाके सुताराकडे गेली होती. सगळी. गाडी आतून रिकाम्या डब्यासारखी. लपवायला जागा म्हणाल तर फक्त तो दांडा, ज्यावर ते बसते, आणि तिथे तर येता-जाता दहा जण बघतात. मी दोनतीन चकरा मारल्या. रंगवालीताई शिडीवरून म्हणाली, "काय गं, चोरासारखी काय घिरट्या घालतेस?" मी म्हटले, मी चोर नाही. ती म्हणाली, "अगं बाई, म्हणायची पद्धत असते!" पद्धती बदलायला हव्यात. डोके दुखले. लवकर घरी.

वायरमनकाका आले नाहीत. शेडमधला एक दिवा लुकलुकतो आहे. सगळे मान वर करून बघतात आणि परत खाली घालतात.

शनिवार, २३ मार्च
आज पक्के ठरवून काकांच्याच घरी गेले. ज्याला त्रास झाला त्यालाच आधी सांगावे, हे सगळ्यात रीतसर. हँडल पर्समध्ये.

काका शेजाऱ्यांची इस्त्री दुरुस्त करत बसले होते. मला बघून उठले. "ये गं, घड्याळजीची! इतक्या दिवसांत तूच काय ती आलीस." चहा केला, कप बशीसकट दिला. मग बोलतच राहिले. "मला हँडलचं दुःख नाही गं. ही गेल्यापासून आठवड्यात माझा एकच वार उरला होता, रविवार. तोही काढून घेतला भल्या माणसांनी." आणि मग मान पुढे करून, "घेतलं कुणी ते मला माहीत आहे." मी पर्स मांडीवर ओढली. ते म्हणाले, "अध्यक्षाने. घरी शोकेस आहे त्याच्या."

मी विरोध केला नाही. मी ती शोकेस पाहिलेली नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर मत देऊ नये.

मग त्यांनीच मार्ग काढला. म्हणाले, "नवीनच बनवतो. पितळेचा ठोकळा आहे माझ्याकडे. सात एप्रिलला गाडी चालवून दाखवायची आहे ना त्यांना पाहुण्यांसमोर? माझ्या हँडलवर चालू दे, म्हणजे तोंडं बंद होतील. मी तिथे पाय ठेवत नाही. तू त्या दांड्याचं माप आणून दे."

किती हलके वाटले! परत देण्यापेक्षा हे कितीतरी बरे. काकांना काम मिळाले, मान मिळणार, गाडी चालणार. आणि यात माझा वाटा आहे, तो मी कुणाला सांगणार नाही.

रविवार, २४ मार्च
शेडमध्ये गर्दी. दांड्यापाशी वाकून माप घेणे संशयास्पद दिसले असते. त्यामुळे घरी येऊन हँडलच्या भोकाचेच माप घेतले, बाबांच्या व्हर्नियरने. दांडा भोकात बसतो, म्हणजे दोन्ही मापे एकच. चारही बाजू तीनतीनदा मोजल्या.

संध्याकाळी काकांना कागद दिला. ते म्हणाले, "डोळे आहेत की भिंग! त्या शेडमध्ये कामाचं माणूस एकच आहे."

याला मी नाही म्हटले नाही. खरे बोलणाऱ्याला अडवू नये.

शनिवार, ६ एप्रिल
काकांचे हँडल तयार. सुरेख. जुन्यापेक्षा वजनदार, मूठ अगदी गोल. उद्या ते स्वतः येणार. शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला दिसला. गाडी हलली की काय बोलायचे, तेही त्यांनी मला म्हणून दाखवले. आधी मोठे भाषण होते, मग काटून 'घ्या, चालली' एवढेच ठेवले.

जुने हँडल आता सवडीने परत देईन. मे महिन्यात वगैरे. एकूण प्रकरण मी चांगले हाताळले असे वाटते.

रविवार, ७ एप्रिल
पाहुणे आले. गाडीला रंग नवा, बाके नवी. काकांनी करंट सोडला, आतले सगळे दिवे एकदम लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी खिशातून हँडल काढले, दांड्यावर बसवले आणि फिरवले.

ते फिरले. फिरतच राहिले. दांडा जागच्या जागी. भोक मोठे होते, हँडल दांड्याभोवती नुसते भिंगरीसारखे फिरत होते. काकांनी पुन्हा बसवले. पुन्हा भिंगरी. पाहुण्यांतली एक बाई "असंच असतं का हो?" असे शेजारच्याला विचारत होती. अध्यक्ष म्हणाले, "काका, हे आता फाटकाच्या कडीला लावा."

काकांनी भोकाकडे पाहिले. दांड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. आणि मोठ्याने म्हणाले, "माप मीच चुकीचं घेतलं. डोळे गेले माझे."

शेवटी सगळ्यांनी मिळून ट्राम फाटकापर्यंत ढकलली आणि फोटो काढले. काका फोटोत नाहीत. नंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले की माणसाने वेळीच थांबावे, आधी वस्तू जातात, मग मापे जातात. मी म्हटले, मला काही सांगायचे आहे. ते म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस, लहान आहेस." आणि पाहुण्यांकडे गेले.

मी प्रयत्न केला, याची इथे नोंद असावी.

सोमवार, ८ एप्रिल
हँडल बाबांना दाखवले. त्यांनी भोकातून बोट फिरवले. "कानशीने मोठं केलंस की गं हे."

म्हणजे हे परत दिले असते तरी गाडी हललीच नसती. म्हणजे ते परत न देण्याचा माझा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होता. हे बाबांना सांगितले. ते बराच वेळ एका घड्याळाला चावी देत राहिले. मग पातळ पत्र्याची पट्टी कापली, वाकवून भोकात बसवली, ठोकली. एवढेच. चहा निवायच्या आत झाले. "आता घट्ट बसेल," ते म्हणाले. "देऊन ये. आणि काय झालं ते सांगून ये."

आता हँडल खरोखरच आणले त्याहून बरे झाले आहे. आता द्यायला काहीच हरकत नाही. हे जरा अनपेक्षित आहे.

बुधवार, १० एप्रिल
रंगवालीताईचा फोन. काका घर बंद करून मुलीकडे राहायला चालले आहेत, दूर, कायमचे. रविवारी दुपारची गाडी. ती म्हणाली, "मी म्हटलं काका, राहा ना. तर म्हणतात, इथे रविवारी करू काय?" आणि ती फोनवर चक्क रडली. त्या पेटीच्या विनोदाचे तिला वाईट वाटते आहे. मी तिला समजावले की तिचा काही दोष नाही. हे मी ठामपणे सांगू शकले.

आता मात्र टाळाटाळ नाही. हँडल फडक्यातून काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवले आहे. काकांना भेटून सगळे सांगायचे, मग त्यांच्यासोबत अध्यक्षांकडे जायचे. उद्याच गेले असते, पण उद्या बाबांच्या दुकानात मला बसायचे आहे. शुक्रवारी काकांकडे सामान बांधायला माणसे येणार, परक्यांसमोर कसे बोलणार? शनिवारी त्यांची मुलगी येते आहे. बापलेक किती दिवसांनी भेटणार, त्यात मी विरजण घालू नये. रविवारी शेडमधले सगळे स्टेशनवर निरोपाला जाणार आहेत, आणि ऐन निरोपाच्या वेळी असा विषय काढणे अगदीच शोभणार नाही.

त्यानंतर मात्र कुणाचीच अडचण नाही. ठरले. सोमवार, १५ एप्रिल, सकाळी नऊ वाजता.